उरलेले स्क्रू

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात पत्र्याची एक डबी आहे. तिच्यात ४३ स्क्रू आहेत. काही इतके बारीक की चिमटीत धरवत नाहीत, काही चांगले बोटाच्या पेराएवढे. शिवाय दोन स्प्रिंगा, एक पितळी वॉशर आणि कशाचा ते आजवर न कळलेला काळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा. घर बदललं, टेबल बदललं, डबी तेवढी माझ्याबरोबर येत राहिली.

हे स्क्रू माझ्या धाकट्या भावानं काढलेले आहेत. भिंतीवरचं घड्याळ, टेबलफॅन, जुना रेडिओ, आईचं शिलाई मशीन आणि शेवटी त्याचा स्वतःचा फोन. एका रात्री तीनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले तर त्याच्या दाराखालून उजेड येत होता. दार लोटलं. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली आणि तिच्यावर रेडिओचा प्रत्येक भाग मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडलेला. हा ओणवा होऊन एकेक स्क्रू उचलत होता, सदऱ्याच्या टोकानं पुसत होता आणि परत जिथल्या तिथं ठेवत होता. मी पाचेक मिनिटं तरी उभी असेन. त्याला पत्ताच नाही. मग मान वर न करता म्हणाला, "ताई, हे दोन सारखे दिसतात ना? नाहीयेत सारखे."

आवाजात असा काही आनंद होता की मीही खूश झाले. वाटलं, पोराला छंद लागला. पडून राहण्यापेक्षा बरं. मी दार ओढून घेतलं आणि जाऊन झोपले. ते दार मी आजपर्यंत किती वेळा मनातल्या मनात पुन्हा उघडलंय, त्याला गणती नाही.

या उद्योगाला नाव आहे, हे फार नंतर कळलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गोस्टा रिलँडर या स्वीडिश मनोविकारतज्ज्ञांनी उत्तेजक द्रव्यं घेणाऱ्यांमध्ये हे पाहिलं होतं: तासन्‌तास वस्तू उघडायच्या, लावायच्या, मांडायच्या, पुन्हा मोडायच्या, आणि त्यातून निष्पन्न काही नाही. त्या माणसांच्याच बोलीतला शब्द त्यांनी उचलला, 'पंडिंग'. आमच्या घरात घड्याळ बंद पडलं त्या दिवशी हा शब्द आम्हाला माहीत असता तर काय झालं असतं, हा विचार मी आता करत नाही. करत नाही म्हणजे, कमी करते.

पण गोष्ट स्क्रूंपासून सुरू झाली नव्हती. ती कौतुकापासून सुरू झाली होती, आणि ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

त्या वर्षी तो रात्रपाळीची नोकरी करून दिवसा परीक्षेचा अभ्यास करत होता. जो मुलगा सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत डोळे उघडत नसे, तो अचानक पहाटे चारला आंघोळ करून पुस्तक उघडून बसायला लागला. खोली आवरलेली, कपाटातल्या कपड्यांच्या घड्या पट्टी लावल्यासारख्या. बोलायचा भरभर, पण चांगलं बोलायचा. बेत आखायचा, याद्या करायचा. वजन उतरलं तर मावशी म्हणाली, "बारीक झालास, छान दिसतोस." बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "सुधारलाय हो आमचा." मीसुद्धा माझ्या मुलांना म्हटलं होतं, "बघा, मामा कसा जागतो अभ्यासाला."

रात्रपाळीतल्या एका सोबत्यानं त्याला पहिल्यांदा 'जागं राहायला' म्हणून मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य, दिलं होतं. कुठल्या अंधाऱ्या गल्लीत नाही, कोणी जबरदस्ती केली म्हणून नाही. मौजेसाठीसुद्धा नाही. काम पुरं व्हावं म्हणून.

मेथॅम्फेटामिनचा इतिहास मी वाचायला घेतला तो पुढं, झोप येत नसे त्या काळात, आणि तिथंही हेच कौतुक आडवं आलं. १८९३ मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी एफेड्रिनपासून हे द्रव्य प्रथम बनवलं. १९१९ मध्ये अकिरा ओगाता यांनी त्याचं स्फटिकरूप मिळवलं. १९३८ मध्ये जर्मनीत ते 'पर्विटिन' या नावानं गोळ्यांच्या रूपात विकायला आलं. १९४० च्या एप्रिल ते जुलै एवढ्या काळात जर्मन लष्कराला आणि हवाई दलाला अशा साडेतीन कोटींहून जास्त गोळ्या पुरवल्या गेल्या, सैनिकांनी न झोपता पुढं सरकावं म्हणून. जपानमध्ये हेच औषध 'हिरोपॉन' नावानं आलं. ते नाव ज्या ग्रीक शब्दावरून घेतलं, त्याचा अर्थ 'कष्टांवर प्रेम करणारा'. कारखान्यातले कामगार, वैमानिक, रात्रपाळीवाले, सगळ्यांना ते दिलं गेलं. युद्ध संपल्यावर उरलेले साठे बाजारात आले, व्यसनाची मोठी लाट उसळली आणि १९५१ मध्ये जपानला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

कष्टांवर प्रेम करणारा. आमच्या बाबांचे शब्द वेगळे होते, अर्थ तोच. दारू पिऊन आलेला माणूस दारातच कळतो. मेथ घेतलेला माणूस सुरुवातीला तुमच्या घरातला सगळ्यात गुणी माणूस असतो. हे द्रव्य दुर्गुणाच्या वेषात येतच नाही, म्हणून तर ते आत येतं.

आत गेल्यावर ते काय करतं, हे मला एका समुपदेशक बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. त्याला सुखाचं रसायन म्हणतात, पण 'हे पुन्हा कर' असं सांगणारं रसायन म्हटलं तर जास्त बरोबर. एक पेशी ते थोडंसं सोडते, शेजारच्या पेशीला निरोप पोचतो, आणि लगेच पहिल्या पेशीवरची वाहक प्रथिनं उरलंसुरलं डोपामिन परत आत ओढून घेतात. निरोप संपला. कोकेन ही परतीची वाट अडवतं. मेथ त्यापुढं जातं. ते त्याच वाहकांतून आत शिरतं, साठ्याच्या पिशव्या रित्या करतं आणि वाहकांना उलटं फिरवतं. जे आत आणायला नेमलेले, तेच बाहेर ओतायला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत खाण्यामुळं ही पातळी साधारण दीडपट होते, मेथमुळं दहापटीच्याही वर जाते. आणि ती लवकर उतरत नाही. शरीरातलं कोकेन निम्म्यावर यायला तासाभराचा वेळ लागतो, मेथला दहा-बारा तास.

बाईंनी चित्राच्या खाली एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आता याच्यापुढं तुमच्या हातचं जेवण, मित्राचा फोन, पाऊस, काहीही या रेघेच्या वर दिसणारच नाही त्याला. तो तुमच्यावर रागावलेला नाहीये. त्याला तुम्ही दिसत नाही आहात." हे ऐकायला वाईट होतं, पण माझ्या डोक्यातला एक गुंता त्या क्षणी सुटला. तोपर्यंत मी त्याच्या त्या मख्ख चेहऱ्याला कृतघ्नपणा समजत होते.

शरीराचं सांगायचं तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, तरण्याताठ्या माणसाला पक्षाघात होऊ शकतो, हृदयाचा स्नायू कमजोर होतो, अंगातली उष्णता जिवावर बेतेल इतकी वाढू शकते. तोंड कोरडं पडतं, दात रात्रंदिवस करकर चावले जातात, तोंडाची स्वच्छता राहत नाही, मग दात जातात. कातडीखाली किडे चालल्यासारखं वाटतं आणि माणूस खाजवून खाजवून जखमा करून घेतो. आता त्यात आणखी एक संकट मिसळलंय: बेकायदा बाजारातल्या मालात फेंटॅनिलसारखं अफूवर्गातलं तीव्र द्रव्य असू शकतं आणि घेणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात उत्तेजक द्रव्यांचा, त्यातही मुख्यतः मेथचा, संबंध असलेले अतिसेवनाचे मृत्यू सुमारे ३४ हजार होते. अफूवर्गाचा असर उतरवायला नॅलॉक्सोन आहे. मेथचा असर उतरवणारं तसं औषध नाही.

पण मला सगळ्यात भीती वाटली ती यातल्या कशाची नाही. मला भीती वाटली खिडकीची.

एका संध्याकाळी मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा त्यानं दाराच्या किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी लावली होती. दिवा बंद. तो भिंतीला टेकून खिडकीच्या कडेनं बाहेर बघत होता. समोरच्या घरातला दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

"बघितलंस?"

"काय रे?"

"खूण केली त्यांनी. ते माझ्याकडे बघतात, ताई. सगळे बघतात."

चार रात्री तो झोपला नव्हता. मी त्याला पटवून द्यायला गेले की असं काही नाही, दिवा आहे तो, लहान मूल खेळत असेल बटणाशी. त्याचे डोळे माझ्यावर वळले आणि त्या क्षणी मीही 'त्यांच्यातली' झाले. पुढं तज्ज्ञांकडून कळलं की अशा वेळी वाद घालायचा नसतो आणि होकारही द्यायचा नसतो. आवाज खाली, हालचाल सावकाश, आपण दाराच्या वाटेत उभं राहायचं नाही, त्याला कोंडल्यासारखं वाटू द्यायचं नाही. "तुला भीती वाटतेय ना? मी इथंच आहे," एवढंच. छातीत दुखत असेल, अंग तापून भाजत असेल, झटके आले, किंवा जीव देण्या-घेण्याची भाषा सुरू झाली तर क्षणभरही वाट न बघता रुग्णवाहिका. हे मला त्या संध्याकाळी माहीत नव्हतं. मी ओरडले. त्यानं फुलदाणी फोडली.

आणि आता जे सांगणार आहे ते मला कळायला आणखी एक वर्ष जावं लागलं. लोक त्याच्याकडे खरंच बघत होते.

समोरच्या घरातल्या काकूंनी त्याला कित्येक महिने पहाटे गच्चीवर येरझाऱ्या घालताना पाहिलं होतं. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्याला भर उन्हात त्याच एका सायकलचं चाक काढताना-बसवताना पाहिलं होतं, चार-चार तास. त्याच्या कामावरच्या मुकादमाला माहीत होतं की हा सुट्टी घेत नाही आणि डबाही खात नाही. सगळ्यांना काही ना काही दिसत होतं. सगळ्यांनी आपापसात बोलूनही घेतलं होतं. काकू मला पुढं म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुमच्या घरातलं आहे. कसं विचारायचं?" मी त्यांच्यावर चिडले नाही. मीही दार ओढून घेऊन झोपले होते.

समाज म्हणजे काय, यावर मी कधी विचार केला नव्हता. आता वाटतं, त्या वर्षी आमच्याभोवती समाज होता, पण तो बघणारा होता, विचारणारा नव्हता. भावाच्या भ्रमाला खतपाणी घालायला हे अगदी पुरेसं होतं.

शेवटी विचारलं कोणी? एका मुलानं, जो त्याच्याबरोबर शाळेत होता आणि नंतर दूर गेला होता. तो सहज भेटायला आला, दहा मिनिटं बसला आणि जाताना माझ्यासमोर त्याला म्हणाला, "तू काय घेतोयस?" काही घेतोयस का, असं नाही. काय घेतोयस. भावानं मान खाली घातली आणि सांगितलं. मी दोन वर्षं ज्या प्रश्नाभोवती घुटमळत होते तो प्रश्न विचारायला त्याला चार सेकंद लागले. त्या मुलाच्या आवाजात तक्रार नव्हती, एवढंच मला आठवतं.

आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड आली, ती म्हणजे भित्तिपत्रकं. मेथविरुद्धच्या जाहिराती मी पाहिल्या होत्या. कुजलेले दात, खंगलेला चेहरा, डोळे खोल गेलेले. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. त्या पाहून मी भावाकडे बघायचे: दात पांढरेशुभ्र, चेहरा तरतरीत, इस्त्रीचे कपडे. म्हणजे हा तसला नाही. शेवटाचं चित्र दाखवून दाखवून आपण लोकांना सुरुवात ओळखू नये असंच शिकवतो की काय, असं मला वाटायला लागलंय. पंधरा वर्षांचं पोर तरी त्या चित्रात स्वतःला कशाला बघेल?

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात २००५ पासून अशा अंगावर काटा आणणाऱ्या जाहिरातींची प्रचंड मोहीम चालली. रस्त्यावर, टीव्हीवर, रेडिओवर, सगळीकडं. वापर उतरल्याचं श्रेयही तिला मिळालं. नंतर अभ्यासकांनी मोहिमेच्या आधीपासून सुरू असलेली उतरण वजा करून पाहिलं तेव्हा तिचा असा वेगळा परिणाम हाती लागला नाही. नुसत्या बंदोबस्तानंही भागत नाही. २००६ मध्ये त्याच देशात सर्दीच्या ज्या औषधांपासून घरोघर मेथ बनायचं, त्यांच्या विक्रीवर कायद्यानं बंधनं आली. घरगुती भट्ट्या कमी झाल्या हे खरंच, आणि ते चांगलंच झालं. पण माल सीमेपलीकडच्या मोठ्या टोळ्यांकडून यायला लागला.

मग उपयोगी पडतं काय? याचं उत्तर शोधताना मी जे वाचलं त्यानं आधी माझा विरसच झाला. आयोवा राज्यात १९९०च्या दशकात सहावीतली मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी एक कार्यक्रम घेतला गेला. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सात आठवडे. पहिला तास आईवडील एका खोलीत, मुलं दुसऱ्या. दुसरा तास सगळे एकत्र. शिकवलं काय, तर एकमेकांचं ऐकून घेणं, नियम घालणं आणि ते पाळणं, सोबत्यांना नाही म्हणणं, राग आला तर काय करायचं. मेथवर व्याख्यान नाही, दातांचे फोटो नाहीत. तीच मुलं बारावीला गेल्यावर पाहिलं तर ज्यांच्या कुटुंबांनी हे सात आठवडे काढले होते त्यांच्यात मेथचा वापर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी होता. मी वाचून म्हटलं, एवढंच? मला कुठलं तरी शस्त्र हवं होतं. हाती आल्या खुर्च्या आणि गप्पा.

आइसलंडचं उदाहरणही तसंच आहे, म्हणजे तिथला प्रश्न मुख्यतः दारू-सिगारेटचा होता, मेथचा नव्हे. पण रीत बघण्यासारखी आहे. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी महिन्याभरात एकदा तरी झिंग येईतो दारू प्यायल्याचं सांगितलं होतं; २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी उपदेश कमी केला आणि संध्याकाळ भरून काढली. खेळ, संगीत, नाच यांच्या वर्गांना सरकारी पैसा दिला. मुलांनी रात्री कितीपर्यंत बाहेर राहायचं याचा नियम केला. पालक गटागटानं रात्री वस्तीतून फेरी मारायला लागले, मुलांना पकडायला नाही, नुसते दिसायला. आणि पाहणीचे आकडे कुठल्या कपाटात न ठेवता त्याच शाळेच्या पालकांसमोर लवकरात लवकर ठेवले: ही तुमची मुलं, हे त्यांचं उत्तर. मला यातली फेरी फार आवडते. ओळखीची मोठी माणसं रस्त्यावर सहज दिसणं. आमच्याकडच्या काकू गच्चीकडं बघत होत्या ते पडद्याआडून; पडदा बाजूला करून हात हलवला असता तर तीही एक फेरीच झाली असती.

उपचारांच्या बाबतीतही माझं असंच झालं. मला गोळी हवी होती. मेथच्या व्यसनासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध नाही, हे ऐकून मी त्या डॉक्टरांशी जवळजवळ भांडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नॅलट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन ही जोडी दिली तेव्हा १३.६ टक्के लोकांना उपयोग झाला, औषधाच्या नावाखाली नुसतंच काही दिलेल्यांमध्ये २.५ टक्क्यांना. आशा आहे, पण गोळी घेतली आणि सुटलो असं नाही. आजवर सगळ्यात जास्त उपयोगी ठरलेला उपचार दिसायला अगदीच बाळबोध आहे. आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी. द्रव्य सापडलं नाही तर काचेच्या भांड्यात हात घालून चिठ्ठी काढायची. नॅन्सी पेट्री या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेल्या या पद्धतीत निम्म्या चिठ्ठ्यांवर फक्त 'शाब्बास' लिहिलेलं असतं. बाकीच्यांवर लहानमोठी बक्षिसं. सलग साफ राहिलं तर जास्त चिठ्ठ्या, चुकलं तर पुन्हा एकीपासून. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २०११ पासून हे चालतं.

आमच्या नातेवाइकांना हे कळलं तेव्हा एकच गलका झाला. व्यसन न करण्याबद्दल बक्षीस? मग आम्हालाही द्या! मलाही आधी हसूच आलं होतं. पण बाईंच्या कागदावरची ती रेघ आठवली. ज्याला रेघेखालचं काही दिसतच नाही, त्याला लांबच्या सुखाच्या गोष्टी सांगून काय उपयोग? त्याच्या हातात आत्ता, या खोलीत, काहीतरी द्यायला हवं, अगदी लहान का असेना. भावाला तिसऱ्या आठवड्यात पायमोज्यांचा जोड मिळाला. करड्या रंगाचे, साधे. घरी येऊन त्यानं ते टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "जिंकलो." कित्येक महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा लबाड हसू पाहिलं. 'शाब्बास'च्या चिठ्ठ्याही त्यानं टाकल्या नाहीत. पाकिटात आहेत अजून, घडी फाटलेल्या.

तो दोनदा घसरला. दुसऱ्यांदा घसरला तेव्हा बाबा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, आणि मला वाटतं त्या आठ दिवसांनी आम्हाला तीन महिने मागे नेलं. व्यसन सोडल्यावरचे पहिले दोन दिवस तो नुसता झोपला होता. त्यानंतरचे महिने जास्त कठीण होते, कारण झोप झाली, जेवण सुरू झालं, बाहेरून सगळं ठीक, आणि आत रंगच नाही. "कशातच चव नाही, ताई," म्हणायचा. मेंदूसंशोधक नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की वर्षभर किंवा जास्त दूर राहिलेल्यांच्या मेंदूतले डोपामिनचे ते वाहक बऱ्याच अंशी भरून आले होते. स्मरण आणि हालचालींच्या चाचण्यांमधली सुधारणा मात्र तितकी दिसली नाही. वर्ष हा शब्द मी फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. त्याच्यासाठी नव्हे, आमच्यासाठी. आम्ही पंधरा दिवसांत विचारायला लागायचो, "आता बरं वाटतं ना?"

आता आमच्या वस्तीत आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली उघडी असते. फार काही नाही. बुद्धिबळाचे दोन पट, एक गिटार, थोडी पुस्तकं, आणि पाळीपाळीनं बसणारी मोठी माणसं, ज्यांना सक्त ताकीद आहे की अभ्यासाची चौकशी करायची नाही. समोरच्या काकू दर गुरुवारी येतात. त्या मुलांना "काल झोपलास का?" असं विचारतात. मुलं हसतात, पण उत्तर देतात. रात्रभर जागून अभ्यास केला असं कोणी अभिमानानं सांगितलं तर काकू शाबासकी देत नाहीत, भुवया उंचावतात. कोणाचं किती भलं झालं याचा हिशेब आमच्याकडं नाही.

मी एकदा उत्साहाच्या भरात भावाला म्हटलं, "तू का येत नाहीस? पोरांना रेडिओ-बिडिओ दुरुस्त करायला शिकव ना. तुझा हात आहे त्यात." माझ्या डोळ्यांपुढं सगळा देखावाच उभा राहिला होता, डबीसकट.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नको. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की हात ओळखतो."

मला हे सुचलंही नव्हतं. ज्या वस्तूंभोवती ते दिवस गेले त्या वस्तूच ओढ जागी करतात, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि आपल्या माणसाच्या बोटांत असलेलं यात फरक असतो. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तो त्या खोलीत येतो, पण बुद्धिबळ खेळायला. हरतो बहुतेक वेळा.

मागच्या उन्हाळ्यात तो माझ्याकडं राहायला आला होता. टेबलफॅन अजून तोच आहे, त्याच्या हातून उघडलेला आणि कुणी तरी कसाबसा परत जोडलेला. चालताना खडखडतो. रात्री दोघंही जागेच होतो. तो म्हणाला, "हा इतकी वर्षं असाच वाजतोय? कुणी बसवत का नाही?"

"स्क्रू आहेत की," मी म्हटलं. "खणात."

तो उठून बसला. "सगळे?"

"सगळे."

थोड्या वेळानं म्हणाला, "तू बसव. मी सांगतो." मी दिवा लावला, डबी काढली, फॅन बंद करून पालथा घातला. तो पलंगावरच बसून राहिला, हात मांडीखाली दाबून धरलेले, तोंड भिंतीकडं. मी एकेक स्क्रू उचलून कसा आहे ते सांगायचे आणि तो म्हणायचा, नाही, तो घड्याळाचा. तो मशीनचा. तो माझ्या फोनचा, ठेव. डावीकडचा, बसक्या डोक्याचा, हां, तो मागच्या जाळीला. असे तीन सापडले. चौथा कुठं गेला ते त्यालाही आठवेना.

फॅन लावला. आवाज कमी झाला, अगदी गेला नाही. तो ऐकत पडून राहिला आणि थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. डबीत ४० उरले. मी दिवा मालवला.